मॅटॅडोरची दुसरी बॅटरी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी फसवलं असं म्हणायला नको. पस्तीस वर्षं मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि मुलांना एकच गोष्ट घोटून सांगितली, की मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. ती सवय शाळेपुरती राहिली नाही. दूधवाला माप ओतायला लागला की मी दारात जाऊन उभा राहायचो. पाव्हणा जास्त गोड बोलला की तो उठून जाईपर्यंत मला चैन पडायचं नाही. कालिंदी, म्हणजे आमची मंडळी, म्हणायची, "तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याच्याकडं दाखला मागाल." मी म्हणायचो, मागेन की, त्यात काय बिघडलं?

ऐंशी सालची गोष्ट. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. एका बंद पडलेल्या फिरत्या दवाखान्याची मॅटॅडोर मला मिळाली होती आणि उद्यमनगरात सहा महिने चकरा मारून मी तिचं चाकावरचं घर करून घेतलं होतं. उघडलं की पलंग होईल असं बाकडं, स्टोव्हसाठी पत्र्याची फळी, एक उभं कपाट, खिडक्यांना पडदे, छताला दोन दिवे आणि एक लहान पंखा. राजारामपुरीतली निम्मी गल्ली ती बघून गेली. "सर, यात संडास कुठं हाय?" असं प्रत्येकानं विचारलं. तेवढं सोडलं तर सगळं होतं.

गाडीत बॅटऱ्या दोन होत्या. पहिली इंजिन सुरू करायला. दुसरी घराची, म्हणजे दिवे आणि पंखा यांच्यासाठी. इंजिन चालू असलं की खटका वर करायचा, म्हणजे डायनॅमो दोन्ही बॅटऱ्या भरत राहतो. गाडी थांबली की खटका खाली, म्हणजे पंखा रात्रभर फिरला तरी इंजिनाची बॅटरी शाबूत राहते. दुसऱ्या बॅटरीतून किती वीज जाते ते दाखवायला मी खटक्याशेजारी काट्याचा मीटर बसवून घेतला. दोन दिवे लावले की काटा किती, पंखा लावला की किती, हे वहीत लिहून ठेवलं. बॅटरीच्या पाण्याची घनता मोजायची काचेची नळीही घेतली. भरलेल्या बॅटरीत बाराशे पन्नास, उतरलेल्या बॅटरीत अकराशे पन्नास. ही नळी खोटं बोलत नाही.

हे सगळं विजेचं काम केलं सिद्धाप्पानं. शाहूपुरीत गॅरेजच्या ओळीत त्याचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. माणूस सीमेकडचा, घरात कानडी, बाहेर कोल्हापुरी. आमच्या प्रयोगशाळेचे ॲक्युम्युलेटर वीस वर्षं तोच चार्ज करून द्यायचा आणि तेव्हापासून आमचं जाणं-येणं. कालिंदीला तो अक्का म्हणायचा, दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला यायचा. त्या ओळीत त्याच्याएवढं नाव कुणाचं नव्हतं. बॅटरीच्या धंद्यात फसवणं फार सोपं. वरून काळा रंग फासला की आतल्या जुन्या प्लेटा कुणाला दिसतात? जीपवाले, ट्रकवाले आपल्या बॅटऱ्या त्याच्याकडं डोळे झाकून टाकून जायचे. मीही टाकायचो. साऱ्या कोल्हापुरात ज्याच्यावर मी संशय घेतला नव्हता असा तो एकच माणूस असावा.

जूनच्या आधी आम्ही पन्हाळ्याला चार दिवस राहून आलो. बॅटरी छान टिकली. चौथ्या दिवशीही नळीत बाराशे वीस. मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं आणि चंदगडची सहल ठरवली. तिथं कालिंदीच्या मामाची काजूची बाग होती. पण चंदगडचा पाऊस म्हणजे सप्टेंबर संपला तरी हलत नाही. उघडीप झाली तेव्हा नवरात्र आलं होतं. मी म्हटलं, यंदा घट थोरल्या वहिनींकडं बसू देत, अखंड दिवा त्या बघतील, आपण नवरात्रात तिकडंच राहू. आणि गाडीत काही तेलाचा दिवा लावायचा नाही, पडदे आहेत, स्टोव्ह आहे, भडका उडायचा. विजेचे दिवेही माझ्या हिशेबानं लागतील, जास्त नाही.

कालिंदी "बरं" म्हणाली.

एकतीस वर्षं नवरात्राचा दिवा ज्या बाईनं स्वतःच्या हातानं राखला ती एका शब्दात "बरं" म्हणते, तिथं खरं तर माझ्यासारख्यानं कान टवकारायला हवे होते. पण माणसाचा संशय नको तिथं जागा असतो आणि हवा तिथं झोपतो. माझ्या डोक्यात तेव्हा नुसती बॅटरी होती.

निघायच्या आधी सिद्धाप्पा म्हणाला, "सर, पावसाळाभर गाडी उभी हाय. बॅटरी तीन दिस माझ्याकडं टाका, हळू चार्जिंगवर लावतो. वरच्या झाकणाला बारीक चीर बी हाय, तेवढी डांबर वतून बुजवतो." मी बॅटरी त्याच्याकडं टाकली. तिसऱ्या दिवशी तो स्वतः घरी येऊन ती बसवून गेला. मी त्या वेळी दाढी करायला गेलो होतो. आल्यावर नळी घालून बघितली, बाराशे पन्नास. दोघांनी चहा घेतला आणि तो गेला.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी आम्ही चंदगडच्या बागेत पोचलो. आंब्याच्या सावलीत गाडी लावली, खटका खाली केला. मामा केव्हाच वारले होते. बाग राखायला तानाबाई नावाची म्हातारी होती, तिचं घर हाकेच्या अंतरावर. हवा इतकी छान की पंखा तासभर लावला तरी पुरे. पहिल्या दिवशीचा खर्च मी वहीत लिहिला. या वेगानं बॅटरी सहा दिवस सहज जायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळीत अकराशे ऐंशी.

मी पुन्हा मोजलं. काच पुसून, पाणी झटकून, तीनदा मोजलं. तेवढंच. म्हणजे माझ्या हिशेबाच्या दुपटीहून जास्त वीज गेली होती. "तू मी नसताना पंखा लावतेस का?" मी कालिंदीला विचारलं.

"मला कशाला लागतो पंखा? इथं पहाटे शाल लागते."

"मग दिवा राहिला असेल."

"तुमचा काटा बघा की. मला काय विचारता?"

काटा शून्यावर होता. सगळी बटणं बंद आणि काटा शून्यावर, जसा असायला हवा तसा. मी मीटरच्या काचेवर टिचकी मारून बघितली. काटा तिथंच.

आता मला सगळं दिसायला लागलं. तानाबाई रोज सकाळी पानात बांधलेला पुडा घेऊन यायची आणि कालिंदीच्या हातात द्यायची. त्या दोघींचं काहीतरी हळू बोलणं चालायचं. मी जवळ गेलो की तानाबाई म्हणायची, "काय न्हाय सर, फुलं हायती बाईंच्या केसाला." कालिंदीच्या केसात मला एकही फूल दिसलं नाही. मी ओढ्यावर आंघोळीला गेलो की गाडीचं मागचं दार लागलेलं असायचं, आलो की उघडं. एकदा तर म्हातारी गाडीतून उतरताना दिसली. माझ्याकडं बघून पदर सावरत पटकन निघून गेली. मी मनात म्हटलं, हिच्या घरात वीज नाही, आमच्या पंख्याखाली बसून हवा खात असतील दोघी.

म्हणून मी सापळा लावला. पंख्याच्या बटणावर आणि दोन्ही दिव्यांच्या बटणांवर शिवणाचा दोरा थुंकीनं असा चिकटवला की बटण हललं तर दोरा पडलाच पाहिजे. आंघोळीला गेलो, मुद्दाम वेळ लावला. आलो तर तिन्ही दोरे जागच्या जागी. काटा शून्यावर. आणि नळीत आकडा आणखी खाली.

इतक्या वर्षांत मी असा प्रयोग बघितला नव्हता. बटणं बंद, मीटर शून्य, तरी बॅटरी उतरते. चौथ्या दिवशी संध्याकाळी पंखा कण्हत कण्हत थांबला. मग कालिंदी एक विचित्र गोष्ट बोलली. "इंजिन चालू करा की थोडा वेळ. भरेल बॅटरी." डिझेलच्या धुराचा जिला खोकला येतो ती बाई हे सांगते. मी तिच्याकडं बघत राहिलो. तिनं नजर चुकवली. मी इंजिन दोन तास चालू ठेवलं, सगळी बाग धुरानं भरली, आणि ती शेवटपर्यंत गाडीत बसून होती, नाकाला पदर लावून, कपाटाशी पाठ टेकून.

त्या दिवसापासून हेच चाललं. एक दिवस आड दोन-दोन तास इंजिन. डिझेलचा वास, पाखरं उडून गेलेली, आणि मी वही घेऊन बसलेला. सहलीची मजा केव्हाच संपली होती. सातव्या दिवशी मी बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडून उकिडवा बसलो होतो, तेव्हा वरचं डांबर माझ्या नजरेत भरलं. झाकणाच्या कडेचं डांबर कोरं, ताजं, चकचकीत. पन्हाळ्याला असताना ते राखाडी झालेलं मी बघितलं होतं. एका कोपऱ्यात माझ्या पान्यानं उडालेला टवका होता, तोही दिसेना.

एकदम सगळं जुळलं. मीटर खरा होता, दोरे खरे होते, बायकांनी काही केलं नव्हतं. बॅटरीच ती नव्हती. माझी चांगली बॅटरी तीन दिवस दुकानात होती, त्यात ती बदलली गेली. कुणातरी जीपवाल्याची मेलेली बॅटरी रंगवून, डांबर ओतून माझ्या पेटीत बसली होती. आणि बसवताना मी नेमका दाढीला गेलेलो. चीर बुजवतो म्हणाला होता, ती चीर मी कुठं बघितली होती? त्यानं सांगितलं आणि मी मान डोलावली.

मला राग आला हे खरं, पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. उत्तर सापडल्याचा आनंद. वीस वर्षांच्या मित्रानं फसवलं याचं वाईट वाटायच्या आधी मला गणित सुटल्याचं समाधान वाटलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

कालिंदीला सांगितलं तर तिचा चेहरा पांढरा पडला. "सिद्धाप्पा असं करणार नाही," ती म्हणाली.

"मग बॅटरी का उतरते?"

ती कपाटाशी सरकली आणि म्हणाली, "दसरा होऊ द्या. मग काय विचारायचं ते विचारा त्याला."

"दसऱ्याची काय वाट बघायची? चोराला सणाची सवलत?"

खंडेनवमीला पहाटेच मी गाडी काढली आणि दहाच्या सुमारास राजारामपुरीत दाराशी उभी केली. तसाच पाना घेऊन पेटीपाशी गेलो. कालिंदी मागं आली. "आज नका काढू बॅटरी," ती म्हणाली. "उद्या काढा. मी काही मागत नाही तुमच्याकडं, एवढं ऐका."

आवाजात असं काही होतं की दुसऱ्या कुणी हात थांबवला असता. मला वाटलं, ही त्याला वाचवतेय. भाऊबीजेचा भाऊ ना. मी दोन्ही टोकांचे चिमटे सैल केले, तारांचे जाड झुबके बाजूला ओढले आणि बॅटरी उचलून रिक्षात ठेवली. रिक्षा वळताना मागं बघितलं तर ती गाडीच्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून, घरात कुणी गेल्यावर बायका बसतात तशी.

खंडेनवमीला शाहूपुरीच्या त्या ओळीत कुणी काम करत नाही. हत्यारांची पूजा असते. सिद्धाप्पाच्या दुकानात पान्यांची, घणाची, कोऱ्या बॅटऱ्यांची, चार्जिंगच्या मशीनची ओळ मांडलेली, प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती. शेजारचे फिटर, रंगारी, जीपवाले असे पंधरा-वीस जण प्रसादाला उभे होते. मी बॅटरी आणून त्या पूजेच्या ओळीत धाडकन ठेवली. दोन-चार फुलं खाली पडली.

"ही माझी बॅटरी नाही," मी म्हणालो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा माझा आवाज. "तीन दिवस चार्जिंगला ठेवून घेतलीस आणि दुसरीच रंगवून दिलीस. सगळी बटणं बंद, मीटर शून्यावर, तरी तिसऱ्या दिवशी झोपते. वरचं डांबर बघा सगळ्यांनी, ताजं आहे. माझी वही आहे, रोजचे आकडे आहेत."

मी वही उघडून दाखवली. माणसं पुढं झाली. सोमलिंग नावाचा एक जीपवाला, गारगोटीकडं वडाप, म्हणजे जीपमधून माणसांची ने-आण, करणारा, वाकून डांबर बोटानं चाचपायला लागला. सिद्धाप्पा हातात प्रसादाची वाटी घेऊन उभा होता. त्यानं वहीकडं बघितलंच नाही.

"सर, ही आत्ता काढलासा व्हय?" त्यानं विचारलं.

"आत्ताच."

"अक्का व्हत्या तिथं?"

"तिचा काय संबंध इथं?"

त्यानं वाटी खाली ठेवली. बॅटरीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मला वाटलं, आता शपथा घेईल, आरडाओरडा करेल, मग मी एकेक आकडा काढून त्याला गप्प करेन. माझी सगळी तयारी होती.

"व्हय सर," तो म्हणाला. "चूक माझी हाय. बॅटरी जुनीच हाय ती."

सोमलिंगनं बोट डांबरावरनं काढलं आणि पँटला पुसलं. सिद्धाप्पानं पूजेतली एक कोरी बॅटरी उचलली, तिच्यावरचं हळदीकुंकू तसंच, आणि स्वतः रिक्षात नेऊन ठेवली. "लगेच बसवा घरी जाऊन," तो हळूच म्हणाला. "येळ लावू नगासा."

रिक्षात बसल्यावर माझा विजय मला बोचायला लागला. मी जन्मभर प्रयोग केलेत. निकाल इतका झटपट, इतका हवा तसा आला की काहीतरी चुकलंय हे मला कळतं. चोर इतक्या लवकर कबूल होत नाही. आणि तो कालिंदी कुठं होती हे का विचारत होता? लगेच बसवा म्हणाला, ते का? मग डोक्यात एक फार वाईट विचार आला, तो मी इथं लिहीत नाही. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला तो शोभत नाही.

घरी आलो. कालिंदी अजून पायरीवरच. मी बॅटरी पेटीत ठेवली, तारेचे चिमटे टोकांवर बसवले, आणि आवळता आवळता अंगठ्याला काहीतरी लागलं. जाड तारेला चिकटून, काळ्या पट्टीत गुंडाळलेली एक बारीक लाल तार. मी नखानं पट्टी सोडवली. ती तार खटक्याकडं जात नव्हती, मीटरकडं जात नव्हती. थेट बॅटरीवरून निघून फळीच्या मागून कपाटात शिरत होती. मीटरला वळसा घालून गेलेल्या तारेतली वीज मीटर दाखवत नाही, हे सातवीतल्या पोराला कळतं.

एरवी कपाटाच्या दारावर कालिंदीचं वाळत घातलेलं लुगडं असायचं; आज ते नव्हतं, आणि फटीतून उजेड येत होता.

मी दार उघडलं. खालच्या खणात, लुगड्यांच्या मागं, तांदळाच्या डब्यावर आमच्या देव्हाऱ्यातला देवीचा टाक. पुढं मातीच्या पणतीत तेलवातीच्या जागी गाडीच्या कडेला असतो तो लहान दिवा, नीट बसवलेला. वर खिळ्याला झेंडूच्या माळा, रोजची एक. मी मोजल्या. नऊ होत्या. पहिल्या तीन पार वाळल्या होत्या.

पाच वॅटचा दिवा, बारा व्होल्ट, चोवीस तास. दिवसाला दहा अँपिअर-तास. डोक्यात हिशेब आपोआप झाला आणि वहीतला प्रत्येक न जुळणारा आकडा जुळला. बॅटरी उत्तम होती. माझीच होती.

"सिद्धाप्पानं लावून दिला," मागून कालिंदी म्हणाली. "बॅटरी त्याच्याकडं होती तेव्हा मी त्याला जेवणाचा डबा घेऊन गेले होते. त्याला म्हटलं, मीटरमधून नको, यांना कळता कामा नये. तो नको म्हणत होता. सरांपासून चोरून मी काय करणार न्हाय म्हणाला. मी गळ्याची शपथ घातली. सासूबाईंनी हा दिवा माझ्या हातात दिलाय, थोरल्या वहिनींच्या नाही. तेलाचा नको म्हणालात, नाही लावला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही तो वहीत लिहिला असतात. दिवसाला इतका खर्च, नऊ दिवसांचा इतका. मग म्हणाला असता, दिवसा कशाला लागतो, रात्रीपुरता लाव."

मी म्हणालो असतो. अगदी हेच शब्द. आणि मी मूर्खासारखं म्हणालो, "लागला की परत. हा बघ, जळतोय."

"एकतीस वर्षांत आज विझला," ती म्हणाली. "आत्ता जळतोय तो तुम्ही लावलेला." आणि ती घरात गेली. रडली नाही, भांडली नाही. मी तिथंच कपाटापुढं बसून राहिलो. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं घेऊन मी शाहूपुरीत गेलो. आपट्याची पानं द्यायची, मिठी मारायची, झालं गेलं विसरायचं, अशी आपली रीत. मी रस्त्यात वाक्यं तयार केली होती. दुकान उघडं होतं. सिद्धाप्पा एकटाच आत, पूजेची फुलं टोपलीत गोळा करत होता. दसऱ्याला एरवी त्याच्याकडं पाय ठेवायला जागा नसते.

मी पानं त्याच्या हातात दिली. "सिद्धाप्पा, मला सगळं कळलं. मी चुकलो. तू काल गप्प का बसलास? सांगायचंस ना सगळ्यांसमोर."

"अक्कांनी शपथ घातली व्हती," तो म्हणाला. "आन् सांगून काय, सर? तुमच्या घरची बाई तुमच्या चोरून दिवा लावत्या, हे मी गल्लीत उभा राहून सांगू? खंडेनवमीला?"

"मग मी सांगतो. आत्ता ओळीतल्या एकेकाला बोलावून सांगतो. बॅटरी चांगली होती, तुझी काही चूक नव्हती."

"चांगली व्हती तर उतरली कशी, इचारतील. काय सांगणार? दिव्याचं सांगणार? अक्कांचं नाव घेणार?" त्यानं पानं हळूच फळीवर ठेवली. रागाचा लवलेश नव्हता त्याच्या बोलण्यात, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "काल माझ्या तोंडानं मी कबूल झालोय, सर. आज न्हाय म्हणलं तर काल खोटा, न्हायतर आज खोटा. एकदाच खोटं पडल्यालं बरं."

एवढ्यात बाहेर जीप थांबली. सोमलिंग आत आला. मला बघून त्यानं अदबीनं नमस्कार केला, सोनं दिलं. मग सिद्धाप्पाकडं वळून, नजर जमिनीवर ठेवून म्हणाला, "अण्णा, आमची बॅटरी हाय न्हवं तुमच्याकडं, ती द्या की. चार्जिंग ऱ्हाऊ दे. आता दुसरीकडं बघतो."

सिद्धाप्पानं मागून बॅटरी आणून उंबऱ्यावर ठेवली. सोमलिंग उकिडवा बसला. झाकणाच्या कडेनं त्यानं डांबरावर अंगठा फिरवला, नखानं ओरखडून बघितलं, चारही कोपरे तपासले. काल मी सगळ्यांना जसं दाखवलं होतं अगदी तसंच, एकही कोपरा न सोडता. दहा वर्षं तो या दुकानात बॅटरी टाकून पान खायला जायचा. सिद्धाप्पा भिंतीला टेकून ते बघत होता.

तपासून झाल्यावर सोमलिंग उठला. "सर, तुम्ही बोललासा म्हणून बरं झालं," तो मला म्हणाला. "आमच्यासारख्या अडाण्याला काय कळतंय यातलं?"

मी तोंड उघडलं. सिद्धाप्पानं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. मी तोंड मिटलं आणि सोमलिंग बॅटरी उचलून निघून गेला.

मी गप्प बसलो ते सिद्धाप्पासाठी आणि कालिंदीसाठी, असं पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. त्याच्या दुकानाला वर्षाच्या आत कुलूप लागलं आणि तो गावाकडं निघून गेला, तेव्हाही हेच सांगितलं. पण मी संशयी माणूस आहे, आणि माझ्या या सांगण्यावर माझा एक दिवसही विश्वास बसलेला नाही.